पायगुणाचा गोली

धुळाप्पाला गणेश मिलला देऊन टाकायचं की नाही, हा प्रश्न सात रस्त्याजवळच्या हॉटेलात आला, तेव्हा पंचाक्षरी अण्णांचा चहा अर्धा पिऊन झाला होता. उरलेला अर्धा तसाच राहिला, आणि वर साय धरली तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

बातमी आणली होती भवानी मिलच्या ऑफिसात कारकून असलेल्या शिवयोगीने. गणेश मिल त्यांचा राखीव फॉरवर्ड मडिवाळप्पा आपल्याला द्यायला तयार आहे आणि बदल्यात त्यांना आपला राखीव गोली धुळाप्पा हवा आहे. साहेबांनी विचारलंय, तुमचं म्हणणं काय.

साहेब म्हणजे मिलचे लेबर ऑफिसर. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे, पण एवढं कळत होतं की संघात काही वावगं झालं की दुसऱ्या दिवशी सगळं साचेखातं, म्हणजे मागांचं खातं, तोंड पाडून काम करतं. म्हणून संघातला कुठलाही बदल ते आधी शिवयोगीकरवी या हॉटेलात सोडून बघत. त्या काळात, म्हणजे आणीबाणी लागली त्याच्या आदल्या हिवाळ्यात, सोलापुरात मिलवाले असेच खेळाडू पोसत. चांगला पोरगा दिसला की त्याचं नाव मस्टरवर चढायचं. सकाळच्या पाळीला साच्यावर उभं राहायचं आणि संध्याकाळी पार्कच्या मैदानावर. पगार साच्याचा, पण नोकरी खरी मैदानावरची. आणि त्या नोकरीवर मालकापेक्षा जास्त हक्क सांगणारी माणसं सात रस्त्याजवळच्या हॉटेलात चहा पीत बसलेली असत.

त्या दिवशी मडिवाळप्पाला त्यांनी अगदी धुऊन काढला. दोन्ही पायांनी मारतो, हे खरं. पण हेडिंगला नुसता घोळ, डोक्याला इतकं तेल चोपडतो की चेंडू टेकतो कुठं आणि जातो कुठं. पळायला चांगला, पण पाय लागला की जमिनीवर पडून आईला हाका मारतो. एकाने त्याच्या लग्नाची बोलणी चालल्याचं सांगितलं आणि लग्नानंतर फॉरवर्ड मंदावतो, असं मत दिलं. दुसऱ्याने त्यावर आपल्याच घरचं उदाहरण देऊन विरोध केला. असा मडिवाळप्पा तासभर तोलला गेला.

तागडीच्या दुसऱ्या पारड्यात धुळाप्पा होता आणि त्याच्याबद्दल बोलायचं एकच होतं. त्याचा पायगुण.

नव्या सुनेचा बघावा, बैलाचा बघावा, तसा गोल्याचा पायगुण बघणारी माणसं भवानी मिलच्या लोकांखेरीज जगात दुसरी कुठं असतील असं वाटत नाही. त्याचं असं झालं होतं. चार वर्षांमागं शील्डच्या फायनलला भवानी मिल अर्ध्या खेळापर्यंत दोन गोल खाऊन बसली होती. मग बाजू बदलल्या. पंचाक्षरी अण्णा मैदानाच्या पलीकडच्या अंगाला उभे होते. चष्म्यावर धूळ, घसा बसलेला, आणि त्यांना दिसलं की आपल्या गोलामागं कुणीतरी काळं घोंगडं अंगाभोवती गुंडाळून स्वस्थ बसलंय. घोंगडं ओळखीचं होतं. सांगोल्याकडून आलेल्या त्या नव्या धनगर पोराचं, राखीव गोल्याचं. अण्णा शेजारच्याला म्हणाले, तो बघ धुळाप्पा येऊन बसला, आता बघ. त्यांच्या तोंडून ते पडायला आणि भवानी मिलचा पहिला गोल व्हायला एकच गाठ पडली. मग दुसरा झाला, मग तिसरा. खेळ संपल्यावर लोक हलगी वाजवत गोलामागं धावले आणि घोंगडं हातात घेऊन उभ्या असलेल्या धुळाप्पाला त्यांनी खांद्यावर उचलला. तो काहीतरी सांगत होता म्हणे. हलगीपुढं कुणाला ऐकू येणार?

तेव्हापासून धुळाप्पा बसू लागला. प्रत्येक सामन्याला पश्चिमेच्या गोलामागं ते घोंगडं पंचाक्षरी अण्णा स्वतःच्या हातानं अंथरत. सात रस्त्यावर त्यांचं चादरींचं दुकान होतं, घरात माणसं तालेवार होती, कपाळावर भस्माचे पट्टे ठळक. असा माणूस गुडघ्यावर बसून घोंगड्याच्या सुरकुत्या काढी आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नसे. धुळाप्पावर त्यांचा जीव होता, हेही खरं. सणासुदीला तो त्यांच्या घरी जेवायला असे. अण्णांच्या पत्नी दाक्षायणीबाई त्याला गावाकडं न्यायला शेंगाची चटणी बांधून देत. मस्टरवर त्याला कायम करून घेतलं तेही अण्णांनीच, साहेबांच्या मागं लागून.

मधे एकदा पहिला गोली सिद्धाराम याचं बोट निखळलं. धुळाप्पा घोंगड्यावरून उठला, अंगातला सदरा काढून त्याने जर्सी चढवायला घेतली. तर चारी बाजूंनी लोक ओरडले, बस, बस, उठू नको. शेवटी हाफबॅकला गोलात उभा केला आणि सामना कसाबसा बरोबरीत सुटला. त्या रात्री हॉटेलात सगळे म्हणाले, बरं झालं बसला, नाहीतर हरलोच असतो. धुळाप्पाने जर्सीची घडी घालून ठेवली, एवढं अण्णांनी पाहिलं होतं.

तर असा हा पायगुण. तो द्यायचा आणि तेलकट डोक्याचा मडिवाळप्पा घ्यायचा, हे ऐकूनच अण्णांचा चहा तसाच राहिला होता. त्या दिवशी काहीच ठरलं नाही. रविवारी गणेश मिलच्या लोकांनाही हॉटेलात बोलवावं आणि समोरासमोर विषयाला तोंड फोडावं, एवढ्यावर सगळे उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळाप्पा दुकानात आला. पाळी संपवून थेट आला होता, केसांत कापसाची पिंज तशीच होती. अण्णांनी त्याला गादीवर बस म्हटलं. तो बसला नाही.

"अण्णा, मला जाऊ द्या की," तो म्हणाला.

अण्णांना वाटलं, गावाला जायचं म्हणतोय. मग कळलं. त्यांनी त्याला समजावून बघितलं. इथं तुला काय कमी आहे, माणसं तुला डोक्यावर घेतात, फटाके तुझ्यापुढं वाजवतात. धुळाप्पा मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, गणेश मिलचा गोली आता सुटलाय, पोट पुढं आलंय, त्याला खाली वाकता येत नाही. ते मला नेतात म्हणजे खेळवायलाच नेत असणार. माझेही गुडघे आता कुरकुरतात, आणखी थांबलो तर मला कोण उभा करणार?

"गावाकडं पोरगं इचारतंय," तो म्हणाला, "बाबा, तुमी खेळात काय करता? काय सांगू अण्णा त्याला? बसतो म्हणून सांगू?"

गिऱ्हाईक आलं म्हणून अण्णांनी चादर उलगडायला घेतली आणि धुळाप्पा निघून गेला. पण ते वाक्य काही दुकानातून गेलं नाही. संध्याकाळपर्यंत अण्णांचं मन पक्कं झालं. पोराला खेळायचं आहे तर खेळू दे. आपल्या पायगुणाचं काय व्हायचं ते होईल. हा निर्णय घेताना त्यांना फार वाईट वाटलं, आणि आपण किती मोठ्या मनाचे, असंही थोडं वाटलं.

तशा मोठ्या मनानेच ते सिद्रामप्पाकडे गेले. सिद्रामप्पा हा बैलांचा दलाल. गणेश मिलशी त्याचा संबंध एवढाच की त्याचे दोन मेव्हणे तिथे होते, पण त्या मिलचा सामना असला की बाजार सोडून तो मैदानावर हजर. त्याचा शब्द तिकडच्या लोकांत चाले. अण्णांनी त्याला सरळ सांगितलं, आमची हरकत नाही, न्या पोराला, पण तुमच्या गोल्याला बसवणार कधी आणि धुळाप्पाला उभा करणार कधी, तेवढं सांगा.

सिद्रामप्पाने पानाची पिंक टाकली आणि अण्णांकडे नवलाने बघितलं.

"उभा कशाला करायचा?" तो म्हणाला. "उभा राहायला आमचा हाय की. तुमच्या त्या पोराला आमी बसवणार. घोंगड्यासकट पाहिजे बरं का, नायतर सौदा न्हाय."

अण्णांच्या अंगाची लाही लाही झाली. जितंजागतं माणूस, हातापायांनी धड, आणि हे त्याला देवळातल्या नंदीसारखं नेऊन बसवणार? तिथं ते तावातावाने बोलले. माणुसकी आहे का तुम्हाला, असंही म्हणाले. सिद्रामप्पा शांतपणे ऐकून घेत होता. अण्णा दमल्यावर तो एवढंच म्हणाला की बसवायची युक्ती आमची नव्हे, आम्ही ती तुमच्याकडं बघूनच शिकलो.

घरी येईपर्यंत अण्णांचा राग उतरला होता आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं. सकाळी ते धुळाप्पाच्या खोलीवर गेले आणि त्याला खरं काय ते सांगून टाकलं. तिकडं गेलास तरी बसायचंच आहे. इथं राहिलास तरी बसायचंच आहे. धुळाप्पा स्टोव्हला पिन मारत होता. त्याने पिन खाली ठेवली. मग म्हणाला, रविवारी मी येतो हॉटेलात.

खेळाडूंनी त्या हॉटेलात यायचा रिवाज नव्हता. माणूस समोर असला की त्याला तोलता येत नाही. म्हणून रविवारी धुळाप्पा दारातून आत आला तेव्हा दोन्ही बाजूंची बोलणी मधेच थांबली. गणेश मिलचे लोक एका बाजूच्या बाकांवर होते, भवानी मिलचे दुसऱ्या. मधल्या टेबलाशी सिद्रामप्पा आणि अण्णा. तोवर सौदा रंगात आला होता. मडिवाळप्पाबरोबर एक चांगला चेंडू वर द्या, असं शिवयोगी म्हणत होता आणि इतक्या वर्षांत पायगुण घासला नसेल कशावरून, असं सिद्रामप्पाचं म्हणणं होतं.

धुळाप्पा टेबलाजवळ येऊन उभा राहिला. घोंगडं त्याने आणलं नव्हतं.

"शील्डच्या दिवशी घोंगड्यावर मी नव्हतोच," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. तेव्हा त्याने सगळं सांगितलं. त्या दिवशी साच्यावरचा एक माणूस तापाने पडला म्हणून जॉबरने, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाने, त्याला पाळीला अडकवून ठेवलं होतं. आई, चिमाबाई, नेमकी त्याच दिवशी गावाहून त्याला भेटायला आली होती. तिला कुठं बसवायची? गोलामागं बस, मी पाळी संपली की येतो, असं सांगून त्याने तिला मैदानावर सोडलं आणि गार वारं होतं म्हणून घोंगडं दिलं. ती बसल्या बसल्या झोपली. तो पळत आला तेव्हा खेळ संपतच होता. त्याने आईला उठवलं, घोंगडं हातात घेतलं, तेवढ्यात लोक आले. त्याने सांगून बघितलं होतं. पुढं चार दिवसांनी नीट सांगणार होता, तर त्याला कायम करायचं चाललंय असं कळलं. मग त्याची जीभ रेटली नाही. आज सांगतोय. नोकरी गेली तर गेली.

मग शिवयोगीला हसू फुटलं आणि तो म्हणाला, मग आईलाच बोलावून घे की, तिला बसवू.

"तिला मेंढरं हायती," धुळाप्पा म्हणाला. तो हसला नाही. "अन् तिला इचारलं तर ती म्हणंल, एवढी माणसं एका चेंडूमागं लागल्यात तर जाऊ द्या की आत, कशाला अडीवता."

यावर मात्र दोन्हीकडची माणसं हसली. सिद्रामप्पा उठला. त्याने खांद्यावरचा पंचा झटकला आणि सौदा मोडला असं जाहीर केलं. ज्या मालासाठी आलो तो मालच नाही, मग बसून काय करायचं? त्याच्यामागं त्याची माणसंही उठू लागली. भवानी मिलच्या बाकांवर कुजबूज सुरू झाली, आणि ती धुळाप्पाच्या बाजूची नव्हती. इतकी वर्षं आपल्याला उल्लू बनवलं, असा तिचा सूर होता.

अण्णांनाही तेच वाटलं होतं, पहिल्यांदा. ज्या घोंगड्याच्या सुरकुत्या आपण गुडघे टेकून काढल्या ते घोंगडं कशाचंच नव्हतं, याची त्यांना मनस्वी लाज वाटली आणि रागही आला. पण समोर धुळाप्पा उभा होता. हात बाजूला मोकळे सोडलेले, कुणीच न घेतलेला. दोन्ही मिलना नको झालेला. त्याच्याकडे बघून अण्णांचा राग टिकेना. ते उठले आणि त्यांनी सिद्रामप्पाचा दंड धरला.

"बसा," ते म्हणाले. "पायगुण गेला, गोली हाय की. तुमचा माणूस खाली वाकत न्हाय. हा वाकतो. न्या याला, आन् उभा करा."

सिद्रामप्पाने धुळाप्पाकडे नीट वर-खाली बघितलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच बघितलं म्हणायचं. हात लांब होते. पंजे रुंद होते. दलालाची नजर ती, ती हलली नाही. तो पुन्हा बसला.

मग तो म्हणाला, त्याच्या बाजारात एक पद्धत आहे. विकणाऱ्याने जनावराची खोड स्वतःच्या तोंडाने सांगायची. मारकं आहे, की चालताना लंगडतं, की पाण्याला भितं. खोडच नाही म्हणणाऱ्याचा बैल तो घेत नाही आणि खोड नीट सांगणाऱ्याचा सहसा सोडत नाही. खोड ठाऊक असते ती जनावर जवळून बघितलेल्यालाच.

"तुमी याला चार वर्सं सांबाळला," सिद्रामप्पा म्हणाला. "सांगा, खोड काय याची?"

अण्णांनी तोंड उघडलं. त्यांना मनापासून सांगायचं होतं. त्यांनी आठवायला घेतलं आणि त्यांना सगळं आठवलं. घोंगड्याचा कुठला कोपरा उसवला होता. धुळाप्पा मांडी कशी घालतो. शेंगा खाताना टरफलं कशी एकाच बाजूला ठेवतो. गोल झाला की टाळ्या वाजवायच्या आधी हात कसे झटकतो. पण चेंडू अडवताना तो कसा दिसतो ते त्यांना आठवेना. उंच आलेला घेतो की ठोसा मारतो, बाहेर निघतो की गोलातच थांबतो, कुठल्या बाजूला जास्त पोचतो, यातलं काहीच आठवेना. सरावाला ते कधी गेले नव्हते. आणि सामन्यात त्यांनी त्याला कधी उठूच दिलं नव्हतं. आपल्या घरी जेवलेल्या पोराबद्दल आपल्याला एक साधी गोष्ट सांगता येऊ नये, हे त्यांना फार लागलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही.

"मला न्हाय माहीत," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. बाकांवरच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं, तर त्यांच्यातल्याही कुणाला माहीत नव्हतं.

"मी सांगतो की अण्णा," धुळाप्पा म्हणाला, आणि तो पहिल्यांदाच बाकावर टेकला. तो सांगू लागला. उंच चेंडू घेतो, त्यात कधी फसत नाही. पण गोल सोडून बाहेर लवकर निघतो. पायाने मारलेला चेंडू अर्ध्या मैदानापर्यंतच जातो, पुढं जात नाही. आणि डावीकडं खाली आलेल्याला जरा उशीर होतो. आपल्या खोडी तो अशा सांगत होता, जशी कुणी आपली मुलं ओळख करून द्यायला उभी करावीत. बाकं हळूहळू जवळ सरकली. बाहेर लवकर निघतो म्हणजे किती, असं गणेश मिलच्या एकाने विचारलं. फॉरवर्ड अंगावर आला की थांबायचं असतं, असं दुसऱ्याने सुनावलं. शिवयोगी म्हणाला, अर्ध्या मैदानापर्यंत जातो म्हणजे सिद्धारामपेक्षा लांब जातो. त्यावरून भवानी मिलच्या लोकांतच जुंपली. धुळाप्पाला कुणी ढिला म्हणालं, कुणी उतावळा म्हणालं. तो सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता आणि त्याचा चेहरा उजळून निघाला होता. त्याच्या खेळाला आजवर कुणी नावंसुद्धा ठेवली नव्हती.

सिद्रामप्पाने शेवटी टेबलावर हात ठेवला. मडिवाळप्पा तुमचा, हा आमचा, आणि पुढच्या सामन्याला हा गोलात उभा. वर चेंडूबिंडू काही मिळणार नाही. शिवयोगीने साहेबांना कळवतो म्हणून सांगितलं. सौदा झाला तसे चहा आले.

अण्णांनी आपला कप धुळाप्पापुढं सरकवला. आता हा उद्या पलीकडचा होणार, आणि तिकडून आपले गोल अडवणार. अडवू दे. त्यांना एवढंच विचारायचं होतं, आणि ते विचारायला इतकी वर्षं लागली होती.

"डावीकडं उशीर का होतो रे?"

धुळाप्पाने कपातला चहा बशीत ओतला. उत्तर द्यायला त्याला विचार करावा लागला नाही आणि त्याच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता.

"डावा पाय आखडतो, अण्णा," तो म्हणाला. "बसून बसून."